लगीनसराईत पाडलेला पूल

चैत्र सरायला लागला की आमच्या शहरात दोन आवाज एकदमच सुरू होतात, एक बँडचा आणि दुसरा ब्रेकरचा. यंदाही तसंच झालं. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मागच्या मंगल कार्यालयात सनई लागलेली, आणि पलीकडच्या रस्त्यावरून काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरचा तो आवाज, थेट दातांत शिरणारा. कुठल्या तरी चौकात पुन्हा काही तरी पाडायला घेतलंय. संध्याकाळी भाजीला गेले तर कोपऱ्यावर पिवळा बोर्ड उभा होता: 'रस्ता बंद. वळण रस्ता. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' आणि त्या बोर्डाला टेकून मोटारसायकल लावलेला एक माणूस मला विचारतो, "ताई, रस्ता बंदय का?"

मी तशीच मागं वळले. भाजी न घेताच घरी आले. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न ऐकला की अजून डोकं उठतं. तो एक उन्हाळा माझ्या अंगातून काही केल्या जात नाही.

तेव्हा बोर्डावर शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता छत्रपती संभाजीनगर आहे. बोर्डाचा पिवळा रंग आणि त्यावरचा बाण मात्र तोच. बायपास आणि पैठणचा रस्ता जिथं एकमेकांना छेद देतात, तिथं एक जुना पूल होता. बायपास वरून जायचा, पैठण रस्ता खालून. बांधला तेव्हा त्यावरून दिवसाकाठी जेवढे ट्रक जात असतील, तेवढे आता चहा पिऊन होईपर्यंत जायचे. म्हणून तो पाडायचा, जागेवर रुंद पूल बांधायचा आणि चारही बाजूंनी गोल फिरून चढणारे-उतरणारे रस्ते करायचे, असं ठरलं. मी ठेकेदाराच्या कंपनीत इंजिनिअर होते. कागदावर काम तीन वाक्यांचं होतं. जुना पूल पाडणे. नवा पूल बांधणे. सदर काळात वाहतूक सुरळीत ठेवणे. ते तिसरं वाक्य ज्यानं लिहिलं त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

वाहतूक माझ्याकडं दिली गेली. पाडकाम शिंदेकडं, म्हणजे माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, कमी बोलणाऱ्या एका इंजिनिअरकडं. माझ्याकडं वाहतूक का, तर बाईमाणूस समोर असलं की लोक शिव्या कमी देतात, असं आमच्या मोठ्या साहेबांचं मत होतं. हे मत किती चुकीचं होतं ते पहिल्याच सकाळी कळलं. लोक शिव्या तेवढ्याच देतात, फक्त त्याआधी 'मॅडम' म्हणतात.

त्या उन्हाळ्याचा वास अजून नाकात आहे. फोडलेल्या काँक्रीटचा कोरडा, खडूसारखा वास. गॅसनं सळई कापताना येणारा जळका वास. उन्हानं पातळ झालेलं डांबर. धूळ बसवायला टँकरनं पाणी मारलं की दोन क्षण गारवा, आणि मग त्या ओल्या धुळीचा चिखल होऊन दुचाक्या घसरायच्या, म्हणून पाणी मारल्याबद्दल बोलणी. नाही मारलं तर धुळीबद्दल बोलणी. रस्त्याकडेच्या गुलमोहराला लाल फुलं आलीत हे मला दिसायचं, पण ती लाल नसायची, करडी असायची. दुपारी वारा सुटला की बॅरिकेडचे पत्रे थडथड वाजायचे. कादरभाई म्हणायचे, "लो, इनकी भी बारात निकली."

कादरभाई म्हणजे आमच्या चौकावरचे ट्रॅफिक हवालदार. राहायला खुलताबादला. रोज सकाळी घाट उतरून मोटारसायकलवर यायचे, टोपीखाली ओला रुमाल, पँटच्या खिशात उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून एक कांदा. नोकरी संपत आलेली. बारीक अंगाचे, पण शिट्टी अशी मारायचे की बिडकीनच्या बाजूनं येणारा उसाचा ट्रॅक्टरही जागच्या जागी थांबावा. थांबायचा मात्र नाही. कादरभाई शिट्टी तोंडातून काढून शांतपणे म्हणायचे, "सुन्या उसने. बराबर सुन्या. माननेका नहीं, बस."

लोकांना कळत नव्हतं असं नाही. पण 'रस्ता बंद' ही गोष्ट आपल्याला लागू आहे, हे कुणालाच पटत नव्हतं. ट्रकवाल्याला वाटायचं ही पाटी कारसाठी आहे, कारवाल्याला वाटायचं ट्रकसाठी आहे, आणि मोटारसायकलवाल्याला वाटायचं की जगातली कुठलीच पाटी मोटारसायकलसाठी लिहिलेली नसते. लाल-पांढरे कोन रोज कमी व्हायचे. एक कोन मला भेळेच्या गाडीवर उलटा करून ठेवलेला सापडला, त्यात चुरमुऱ्याची पिशवी उभी केलेली. ऊसरसवाल्यानं आपला चरक थेट बॅरिकेडच्या आत आणून लावला. त्याला हटकलं तर म्हणाला, "मॅडम, इथंच तर लोकं थांबतेत." त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला. मी त्याला हलवलं. दुसऱ्या दिवशी तो पुलाच्या दुसऱ्या अंगाला, दुसऱ्या बॅरिकेडच्या आत.

सकाळी वाळूजकडं कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या. बजाजनगरची पोरं पहिली पाळी सुटून परत यायची तेव्हा दुपारचं ऊन ऐन माथ्यावर, आणि तीच वेळ नेमकी लग्नाच्या वऱ्हाडांची. एका बाजूनं थकलेली माणसं घरी जायला उतावीळ, दुसऱ्या बाजूनं नटलेली माणसं कार्यालय गाठायला. आणि मध्ये मी, हेल्मेट घालून, हातात लाल झेंडी.

बायपासची वाहतूक आम्ही बाजूच्या वसाहतीतल्या रस्त्यानं वळवली होती. तिथं पवार काकूंचं घर अगदी वळणावर. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला, काकू एकट्या. उन्हाळ्यात त्या कुरडया, पापड, सांडगे करून ओळखीपाळखीत द्यायच्या. अंगणात खाटा टाकून, त्यावर धुतलेल्या साड्या अंथरून वाळवण घातलेलं असायचं. वाहतूक वळवली त्याच आठवड्यात त्या मला गाठायला चौकात आल्या. हातात ताट, ताटात कुरडया.

"खा," म्हणाल्या.

मी एक मोडून तोंडात टाकली. दाताखाली करकर.

"काय लागलं?"

"वाळू, काकू."

"वाळू नाय, तुमचा पूल हाय त्यो. आता वर्षभर आम्ही तुमचा पूल तळून खायचा का?"

मी क्षमा मागितली. अंगणाला हिरवी जाळी लावून देते म्हणाले, आणि लावूनही दिली. दुसऱ्या दिवशी एका टेम्पोनं वळताना ती जाळी ओढून नेली, खाटेसकट. काकू पुन्हा आल्या. या वेळी ताट नव्हतं. मी त्यांना लांबूनच बघितलं आणि खरं सांगते, पोकलेनच्या मागं जाऊन उभी राहिले. काकूंनी कादरभाईंना गाठलं. कादरभाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मला येऊन सांगितलं, "खाट का बोल रई. मैं बोल्या मॅडम देंगे."

घरच्यांनीही सोडलं नाही. माझं माहेर बिडकीनचं. भाऊ शेती करतो, भेंडी-टोमॅटो घेऊन पहाटे बाजाराला यायचा आणि परतताना माझ्या चौकात अडकायचा. मग फोन.

"ताई, लई येळ झाला, गाडी हलंना. पुढं काय झालंय?"

"पूल पाडतोय रे आम्ही. तुला माहितीये की."

"ते व्हय. पण मी कवा निघल?"

जणू सगळी वाहतूक माझ्या मुठीत आहे आणि मी मूठ उघडत नाहीये. आई तर त्या उन्हाळ्यात कुठल्याही लग्नात गेली की लोक तिला अडवायचे. "तुमच्या लेकीनं रस्ता बंद केला म्हणं." आई मला म्हणाली, "माय, एक काम कर. लग्नाच्या तिथीला चालू ठेवत जा आन बाकीच्या दिवशी पाडत जा." तिचा सल्ला आमच्या साहेबांच्या सल्ल्यांपेक्षा फारसा वाईट नव्हता. फक्त त्या वर्षी तिथी नसलेला दिवसच शिल्लक नव्हता.

आता त्या दुपारचं सांगते.

जुना पूल गाळ्यागाळ्यांचा होता. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे एक गाळा. आम्ही एका टोकापासून गाळे पाडत आलो होतो, आणि पैठण रस्त्याची सगळी वाहतूक टोकाच्या शेवटच्या गाळ्याखालून सोडली होती. म्हणजे पाडकाम आणि वाहतूक यांच्यामध्ये एक खांब आणि पत्र्याचं कुंपण. शेजारच्या गाळ्याचे गर्डर, म्हणजे पुलाच्या त्या लांबलचक काँक्रीटच्या तुळया, येत्या रविवारी सकाळी, वाहतूक पूर्ण थांबवून, क्रेननं उतरवायच्या होत्या. त्या दिवशी फक्त वरचा स्लॅब फोडणं चालू होतं.

पहिली पाळी सुटायची वेळ. गाळ्याखाली गाड्या चिकटून उभ्या: बस, रिक्षा, कार, तीन माणसं बसलेल्या मोटारसायकली. एवढ्यात ब्रेकर थांबला. चालू असताना जो आवाज नकोसा व्हायचा तो अचानक थांबला आणि मला कसंतरीच वाटलं. वॉकीटॉकीवर शिंदेचा आवाज आला. नेहमीसारखाच हळू.

"मॅडम, कडेचा गर्डर बसल्या जागेवरनं सरकला. खांबावर रेललाय. तुमच्या बाजूला."

"किती?"

"बघू नका वर. खालचं रिकामं करा. आत्ता."

मी तरी वर बघितलं. गर्डरचं टोक खांबाच्या माथ्यावरून आमच्या अंगाला डोकावत होतं. त्याखालून बारीक भुकटी सारखी झरत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी, आणि ती खालच्या बसच्या टपावर जमत होती. बसमधला एक जण खिडकीतून हात बाहेर काढून ती भुकटी झटकत होता.

आत येणारी तोंडं आधी बंद केली. पाण्याचा टँकर जवळच होता, त्याला रस्त्यात आडवा लावायला सांगितला. त्याबरोबर हॉर्नचा जो कल्लोळ उठला तो मी ऐकलाच नाही, मला नंतर सांगितला गेला. पण आत अडकलेल्यांचं काय? आतल्या गाड्या पुढं का सरकत नाहीत ते बघायला मी त्यांच्या फटीतून पळत पुढच्या तोंडाशी आले, तर तिथं वरात.

घोड्यावर नवरदेव, डोळ्यांवर मुंडावळ्या, समोर बँड. आणि रस्त्याच्या मधोमध, पुलाखालून बाहेर पडायच्या नेमक्या तोंडावर, रिंगण करून नाचणारी माणसं. कार्यालय तिथून दोन हाकांवर. पण कार्यालयात शिरायच्या आधीचं नाचणं हे सगळ्यात जोरात असतं, हे कुणाला सांगायला हवं?

मी ओरडून सांगितलं, रस्ता मोकळा करा, पूल पडतोय. बँडमध्ये कुणाला काय ऐकू येणार. फेटा बांधलेले एक गृहस्थ पुढं आले. नवरदेवाचे मामा असावेत.

"ताई, दहा मिनिटं. पोरांना नाचू द्या."

"भाऊ, मागं माणसं अडकलीत. वरून गर्डर खाली येतोय."

त्यांनी माझ्या खांद्यावरून पुलाकडं नजर टाकली. "तुमचा पूल तर दोन महिने पडतोय," ते म्हणाले. "आज दहा मिनिटं थांबंल की."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, समजुतीच्या सुरात म्हटलं. आज आठवतं तेव्हा वाटतं, त्यांची तरी काय चूक? दोन महिने आम्ही ओरडतच होतो. सावधान, काम चालू, पुढं धोका. त्या शब्दांतला जीवच आम्ही घालवून बसलो होतो. पण हे सुचायची ती वेळ नव्हती. त्या वेळी मला एवढंच सुचलं की ही माणसं माझ्यामागं येणार नाहीत, बँडमागं येतील, आणि बँड नवरदेवाला सोडून जाणार नाही.

मी घोड्याचा लगाम धरला. घोडेवाला एका बाजूला तंबाखू मळत होता, त्याच्या लक्षात येईपर्यंत मी घोडा वळवला होता. रस्त्याच्या डाव्या हाताला पेट्रोल पंपाची मोकळी जागा होती, तिकडं चालू लागले. घोडा निमूटपणे आला. त्या अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्या फटक्यात माझं ऐकणारा तो एकटाच. वर नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून विचारत होता, "ओ मॅडम, कुठं? कार्यालय तिकडं हाय." मी म्हटलं, "बसून राहा." तो बसून राहिला.

मग मागं एकच गिल्ला. नवरदेव चालला, नवरदेव नेला. नाचणारे थांबले आणि धावत निघाले, बँडवाले वाजवतच निघाले, करवल्या साड्या सावरत निघाल्या, मामा सगळ्यांच्या पुढं. रस्ता मोकळा झाला. आणि जशी बुचाची बाटली उघडावी तशा आतल्या गाड्या बाहेर फेकल्या जाऊ लागल्या. बस गेली. तिच्या मागं रिक्षा, कार, मोटारसायकली. जाता जाता प्रत्येक जण माझ्याकडं बघून काही ना काही बोलत होता. एक जण म्हणाला, "इतका वेळ काय झोपल्या होत्या का?"

सगळं निघालं असं वाटलं तेव्हा मी वळून बघितलं. गाळ्याखाली एक रिक्षा तशीच उभी. रिक्षावाला कधीच पळालेला. आत मागच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ, धोतर-टोपीतले, काठी धरून बसलेले. त्यांना काय चाललंय ते कळतच नव्हतं. आणि रिक्षाच्या मागं वाकून, दोन्ही हातांनी ती ढकलत असलेले कादरभाई.

मी हाका मारल्या. त्यांनी वर बघितलं नाही. एक चाक खड्ड्यात होतं. त्यांनी खांदा लावला, रिक्षा मागं झुलली, पुढं झुलली आणि निघाली. माझ्या हातात लगाम तसाच. घोडा माझ्या दंडाशी नाक घासत होता, हे मात्र लख्ख आठवतं.

रिक्षा बाहेर पडली, थोडी पुढं आली, आणि गर्डर खाली आला. आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. पायांखालची जमीन एकदा वर आली. मग धूळ. पंप, वरात, बँड, रस्ता, सगळं पांढरं. बँडवाल्यांच्या हातातली वाद्यं तशीच हातात. त्या पांढऱ्यातून आधी रिक्षाचं पुढचं चाक दिसलं, मग कादरभाई. टोपी नाही, केस, भुवया, मिशा, वर्दी, सगळं काँक्रीटच्या रंगाचं. ते अजूनही रिक्षा ढकलत होते. त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं की आता थांबा.

मी घोडा सोडून त्यांच्याकडं गेले. दोन महिन्यांत जेवढा संताप साठला होता, तो सगळा मी त्या एका माणसावर काढला. "कादरभाई, तुम्ही आत का गेलात? मी सांगितलं होतं का आत जायला? काही झालं असतं म्हणजे?"

त्यांनी कानात बोट घालून हलवलं. माझं बोलणं त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. मग रिक्षातल्या म्हाताऱ्याकडं हात करून म्हणाले, "अंदर आदमी था, मॅडम."

मी त्यांच्या खांद्यावरची भुकटी झटकायला लागले.

धूळ खाली बसली. टँकरच्या पलीकडून पुन्हा हॉर्न सुरू झाले. तिकडच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. आणि फेटेवाले मामा माझ्याजवळ आले. त्यांनी पडलेल्या गर्डरकडं बराच वेळ बघितलं. त्याच जागेवर थोड्या वेळापूर्वी माणसांनी भरलेली बस उभी होती. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. ते बोलले. "पण ताई, मुहूर्त तर गेलाच की आमचा."

त्या दुपारची बातमी झाली, ती अशी: चौकात वाहतुकीचा खोळंबा, वाहनचालक हैराण. गर्डरचा उल्लेख शेवटच्या ओळीत. पण खरी बातमी मोबाइलवरून फिरली. वरातीतल्या कुणी तरी काढलेला व्हिडिओ. त्यात हेल्मेट घातलेली एक बाई घोड्यासकट नवरदेव घेऊन चाललीये आणि मागं सगळं वऱ्हाड पळतंय. खाली लिहिलेलं, 'मॅडमनं नवरदेव पळवला.' व्हिडिओ गर्डर पडायच्या आधीच संपत होता. आईचा फोन आला. "काय गं, कुणाचं घोडं धरलं व्हतं तू? शेजारची विचारत व्हती." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवलीस का?"

जेवले नव्हते. आंघोळ केली तरी केसांतून भुकटी पडत होती. दिवसभर ज्या माणसांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांचीच तोंडं एकेक डोळ्यांसमोर येत होती. खिडकीतून हात काढून भुकटी झटकणारा तो माणूस. त्याला कुणाकडं जायचं होतं? घरी कोण वाट बघत होतं? प्रत्येकाची घाई इतकी लहान आणि इतकी खरी होती. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याच जिवाची धास्तीही वाटायची. या दोन गोष्टी एकाच बाईच्या पोटात कशा राहतात, ते मला अजून उमगलेलं नाही. कदाचित ज्यांच्यासाठी जीव घाबरा होतो त्यांचाच इतका राग येत असेल. पोरगं रस्त्यात पळालं की आई आधी त्याला धरते आणि मग रट्टा देते, तसं काहीसं.

कादरभाईंना डाव्या कानानं पुढं कायमचं कमी ऐकू यायला लागलं. डॉक्टरकडं न्यायला मीच गेले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "अच्छा है मॅडम. हॉर्न आधे हो गये." मी हसले नाही. ते हसले.

पाऊस लागला, वाहतूक तशीच वळवलेली राहिली, नवे खांब उभे राहिले. पवार काकूंना मी खाट दिली. त्यांनी ती ठोकून पाहिली आणि जुनी बरी होती म्हणाल्या. तरी निघताना त्यांनी मला आत बोलावून पाणी दिलं, आणि त्या रिक्षातल्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते विचारलं. शहरात हे मला विचारणाऱ्या त्या एकट्याच. मी सांगितलं, सुखरूप घरी गेले. त्यांना घ्यायला नातू आला होता. काकूंनी मान डोलवली आणि दार लावून घेतलं. धूळ येते म्हणून.

पुढच्या वर्षीची दिवाळी सरल्यावर पूल खुला झाला. हार, नारळ, भाषणं, ढोल. मोठी माणसं निघून गेली, मांडव उतरायला लागला आणि आम्ही बॅरिकेडचे पत्रे हटवले. नवं डांबर कसं काळंभोर, पांढरे पट्टे ओले असल्यासारखे चमकणारे. पैठणकडून येणाऱ्यानं आता डावीकडं वर चढायचं, सुंदर गोल वळण घ्यायचं आणि बायपासला लागायचं. कुठं थांबायला नको, कुठं कुणाला आडवं जायला नको. मी आणि कादरभाई कडेला उभे होतो. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा.

पहिली गाडी आली. एक मोटारसायकल, मागं दुधाचे कॅन. माणूस सरळ आला, नव्या रस्त्याच्या तोंडाशी थबकला, त्या रुंद, मोकळ्या, रिकाम्या रस्त्याकडं त्यानं एकदा बघितलं, आणि उजवीकडं वळून राँग साइडनं जुन्या वळण रस्त्याला लागला.

कादरभाईंनी शिट्टी मारली. आश्चर्य म्हणजे तो थांबला.

"अरे, नवा रस्ता तिकडून आहे," मी म्हटलं.

"व्हय, दिसला की," तो म्हणाला. "पण आमी हितूनच जातो. तुमीच तर लावून दिली हितली सवय. झेंडी घेऊन तुमीच हुब्या ऱ्हायच्या ना?"

मी होतेच उभी. त्या वळण रस्त्यावर लोकांनी जावं म्हणून मी घसा फोडला होता. तेव्हा एकही माणूस तिथून जायला तयार नव्हता, आणि आता तोच रस्ता सोडायला कुणी तयार नव्हतं. त्याच्या मागं एक रिक्षा वळली. रिक्षामागं एक टेम्पो. पवार काकूंच्या घराकडं पुन्हा धूळ उडायला लागली.

कादरभाईंनी माझ्याकडं बघितलं. "सीख गये लोगां," ते म्हणाले. "अब भुलाना पडेगा."

त्यांनी टोपी नीट केली आणि रस्त्यात उतरले. मी चपला काढून गाडीतले बूट घातले, डिकीतून झेंडी घेतली आणि त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिले.